जुनाच पासवर्ड

नवा राउटर बसवायला आलेल्या माणसाला कुंदाताई म्हणाल्या, "वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं जुनंच ठेवा." वडिलांशी भांडून घर सोडलेला त्यांचा मुलगा निनाद कधी दारापर्यंत आला, तर त्याचा फोन आपोआप जोडला जायला हवा होता. जोडलेले फोन कुठे दिसतात, तेही त्यांनी त्याच्याकडून राउटरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये समजून घेतलं आणि त्या रोज तिथे पाहू लागल्या.

एका दुपारी तिथे 'निनादचा फोन' असं उमटलं. कुंदाताई अनवाणीच जिना उतरल्या.

खालच्या पायरीवर निनादचा मित्र बसला होता. निनादचा फोन त्याच्या हातात होता.

"काकू, निनाद अपघातात गेला," तो म्हणाला. "वर यायचा धीर होईना."

कुंदाताईंनी कठडा धरला. मग म्हणाल्या, "वर चल. ह्यांना तूच सांग. माझ्याच्यानं नाही होणार."