आधी अक्का

“पुनम, पोटावरचा हात काढ बरं,” डॉक्टर हेमांगी म्हणाली.

पुनमने हात आणखीच घट्ट दाबला. असोद्याहून ती मोटरसायकलवर आली होती. पुढे नवरा कुंदन, मागून सासूची मिठी. दुसरा महिना चालू होता आणि सकाळपासून पोटात कळा येत होत्या. गर्भ पिशवीत आहे की नळीत अडकलाय, हे सोनोग्राफीत बघायचं होतं. नळीत असला तर ती फुटायच्या आत ऑपरेशन.

“शॉक लागतो का हो?” पुनमने विचारलं.

“काही नई लागत वं,” सासू भिकुबाई म्हणाल्या. “सरक. आधी मी.”

घरातही हीच रीत. वांग्याचं भरीत आधी त्या चाखणार, तिखट सोसण्याइतकं असलं तरच सुनेच्या ताटात. भिकुबाई खांदा धरत टेबलावर चढल्या.

“खांद्याला काय झालं?” हेमांगीने विचारलं.

“कापसाचं गाठोडं उचललं काल. धरला तो धरलाच.”

“या वयात कशाला उचलता, अक्का?” निलोफर सिस्टर म्हणाली.

“वय काहाले काढते वं? ह्या पुनमएवढी होती तव्हा कुंदन माह्या कडेवर होता.”

हेमांगीने हसत त्यांच्या पोटावर गार जेल लावलं. “बघ पुनम, हे लिव्हर, ही किडनी. लागला का शॉक?”

पुनम हसली. हेमांगी मात्र पडद्याकडे बघतच राहिली. मग ती निलोफरच्या कानात काहीतरी बोलली.

“अक्का, सिस्टरबरोबर जरा जाऊन या.”

“आता काय औषधबी मलेच चाखाले लावता का?” म्हणत भिकुबाई गेल्या.

पुनम टेबलावर आडवी झाली. पडद्यावर इवलंसं काहीतरी लुकलुकलं.

“ते काय?”

“ठोके,” हेमांगी म्हणाली. तेवढ्यात निलोफर भिकुबाईंना घेऊन परतली आणि तिने लघवीच्या तपासणीची पट्टी दाखवली. दोन लाल रेघा. हेमांगीने फोन उचलला.

“थिएटर तयार ठेवा. नळीतला गर्भ आहे, रक्त सुटायला लागलंय. वेळेत सापडलाय.”

पुनमला रडू फुटलं. भिकुबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले.

“घाबरू नको वं माय. मी हाये ना? म्हणशील तर ऑपरेशनबी आधी माहंच करतील.”

“हो अक्का, आधी तुमचंच,” हेमांगी म्हणाली. “तिचं बाळ जागेवर आहे. नळीतलं तुमचं आहे.”