फिट असल्याचा दाखला

"मॅडम, आरोपी फिट आहे एवढं लिहून द्या. कोर्टात हजर करायची वेळ झालीय," मी नेहमीसारखं म्हणालो. सव्वीस वर्षांच्या हवालदारकीत मी कितीतरी आरोपी या सरकारी दवाखान्यात आणले. तपासायला म्हणून कुणी डॉक्टर कधी खुर्चीतून उठला नव्हता.

डॉक्टर मुजावर उठल्या. चोरीच्या संशयावरून धरलेल्या लखन काळेला त्यांनी चप्पल काढायला सांगितली. त्याचे तळपाय सुजून काळेनिळे पडले होते.

"पाय घसरून पडलो," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात ठाण्यातून साहेबांचा फोन आला. मी तो मॅडमकडे दिला.

"साहेब, मला जे दिसतंय तेच लिहिणार," त्या म्हणाल्या.

फोन मला परत देऊन त्या पुन्हा लखनच्या पायांकडे वळल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या. घाबरल्या होत्या, तरी एकेक वळ टेपने मोजून लिहीत राहिल्या.

"मार कधी बसला?" त्यांनी लखनला विचारलं. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं.

मला राहवलं नाही. "काल दुपारी, मॅडम. पट्ट्याने. त्याचे पाय मी धरले होते. तेही लिहा."