कंसातलं नाव

संदर्भांच्या यादीतला प्रत्येक स्वल्पविराम आता जागेवर होता. संपादकांची पिवळी खूण उरली होती ती जान्हवीच्या वैद्यकीय लेखातल्या एकाच कंसावर: ‘डॉ. नचिकेत, प्रत्यक्ष संभाषण’. विंचूदंशाबद्दलचं ते निरीक्षण तिला तिच्या नवऱ्याने, नचिकेतनेच, साखऱ्याच्या दवाखान्यातून परतताना बोलता बोलता सांगितलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात तो कयाधू नदीच्या पुरात गाडीसकट वाहून गेला. गाडी सापडली, तो सापडला नाही. सासूबाई अजूनही त्याच्या नंबरचा रिचार्ज करत आणि संध्याकाळी एकदा लावून बघत. तो गेला, असं या घरात कुणीच म्हटलं नव्हतं.

मासिकाचा नियम मात्र सरळ होता. त्या व्यक्तीचं संमतीपत्र जोडा. व्यक्ती हयात नसेल, तर तसं लिहून वारसाची संमती द्या. नाहीतर नाव वगळा.

“काय खोडून राहिलीस गं?” मेथी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं.

जान्हवीने नियम समजावून सांगितला. “म्हणून यांचं नाव वगळतेय, आई. दुसरं काही लिहायला हात धजत नाही.”

“म्हंजे छापून येईल त्यात नचिकेत कुठंच न्हाई?”

“नाही.”

सासूबाईंनी मेथी बाजूला सारली आणि चष्मा लावून पडद्यावरचं ते नाव बराच वेळ बघितलं.

 

“खोडू नको, लेकी. त्याच्याआधी कैलासवासी लिही.”