यमाच्या अंगावरची कांबळी

झिलूनं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर यमाच्या अंगावर आपली कांबळी बघितली.

कांबळी काय, कुणाचीही असेल म्हणा. पण कमरेला आकडीत अडकवलेली कोयती? अस्वलानं फाडलेला डावा कान? आणि तो फेंगडा पाय? ज्या चालीवरून झिलू भर जत्रेत लांबून ओळखू यावा, तीच चाल त्याच्या पोरीनं, रक्षितानं, कागदावर उतरवली होती. चित्रातला हा माणूस कुणी मेलं की त्याच्या दारात येऊन उभा राहायचा आणि जिवाला घेऊन निघायचा. पुढं हा, मागं मेलेला. पानोपानी तेच.

पुस्तक घेऊन मनीषा आली होती. खानापूरची पोर, बेंगळुरात रक्षिताबरोबर एकाच खोलीत राहायची. घरच्यांबरोबर उळवीच्या जत्रेला आली, तशी वाट वाकडी करून बाजारकुणंगच्या पलीकडं, रानातल्या या वाडीपर्यंत आली. रक्षिता गेली श्रावणात. तिनं काढलेलं कॉमिक छापून आलं ते आत्ता, आणि पहिली प्रत तिच्या आईबापाच्या हातात द्यायची, असं मनीषानं ठरवलं होतं. बिचारीला काय ठाऊक, आपण काय घेऊन आलोय ते.

शेजारचा परशू डोकावला. त्याची जीभ जन्मात कधी आवरली नाही. पोरीनं तुला यम केला, मग रेडा कुठं बांधलास, असं त्यानं विचारलं. कुणी हसलं नाही. आपलं चुकलं हे त्यालाही कळलं आणि तो गोठ्याकडं बघत उभा राहिला.

झिलूला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला वाटलं, पोरीनं बरोबरच काढलंय. दहावीनंतर तिला वाडी सोडायची नव्हती. आई हाय, म्हशी हायत, मी हितंच राहते, म्हणून तिनं दाराची चौकट धरली होती. झिलूनंच तिची बोटं सोडवली. रानात राहून काय करणार, शीक, मोठी हो, असं सगळे बाप बोलतात तसं बोलला आणि तिला बसच्या रस्त्यापर्यंत घेऊन गेला. पुढं तो, मागं रडत पोर. तिथून ती धारवाडला, तिथून बेंगळुरला, आणि तिथून कुठं गेली ते सगळ्यांना माहीत. आजारपण तिनं लपवलं. निरोप आला तेव्हा ओढ्यांना पूर होता. हे दोघं नवराबायको दवाखान्यात पोचले तोवर चादर तोंडावर ओढलेली होती. त्या दिवसापासून झिलूच्या पोटात एकच गोष्ट कुजत होती, की मीच न्हेली तिला. आता ती छापूनही आली.

त्याची बायको फुला गूळपाणी मनीषापुढं ठेवून खांबाला टेकून बसली. तिनं पुस्तकाला हातही लावला नाही.

"पोरी, खरं सांग," झिलू म्हणाला. "माज्यावर रुसून गेली न्हवं ती?"

मनीषा गांगरली. मग त्या चित्रातल्या माणसाबद्दल सांगू लागली. हा कुणाला मारत नाही, मरण आधीच आलेलं असतं. हा फक्त सोबतीला येतो. रक्षिता सगळ्यांना सांगायची, आमच्यात एकट्या माणसाला रानातून सोडत नाहीत. पावणा असो, मास्तर असो, घरातला एक जण काठी आपटत पुढं चालतो, रस्ता लागेपर्यंत. पुढं का, तर साप म्हणा, अस्वल म्हणा, जे काय असेल ते आधी त्याला भेटावं. छापणाऱ्यांनी तिला परोपरीनं सांगितलं, बघून धडकी भरेल असा यम काढ, शिंगं दे, लाल डोळे दे. ती बधली नाही. आजाराचं कळलं त्या दिवशी ती कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसली आणि सगळ्यात आधी हा फेंगडा पाय काढला.

झिलू ऐकत होता. वाडीत आलेल्या कितीतरी जणांना त्यानं असंच रस्त्यापर्यंत पोचवलं होतं. आणि तरी स्वतःचीच रीत त्याला कागदावर ओळखू आली नव्हती. यम म्हटलं की फास टाकून ओढणारा, एवढंच त्याच्या डोक्यात. पण हे कळलं म्हणून पोटातलं दुखणं कमी झालं नाही. उलट जास्तच झालं.

"चित्रात आलो गं मी," तो म्हणाला. "खरा कुठं हुतो? एकटीच गेली की ती."

पुढचं सांगायचं नाही, असं मनीषा ठरवून आली होती. पण समोर बसलेल्या माणसाकडं बघून तिला राहवेना. शेवटच्या दुपारी रक्षिताला ताप चढला होता आणि ती गावच्या बोलीत बोलत होती. नर्सांना वाटलं, तापात बरळतेय. तिचं बोलणं कळणारी तिथं एकटी मनीषाच. रक्षिताचे डोळे मिटलेले होते, पण चादरीखाली पाय हलत होते, चालल्यासारखे. दमली की थांबायची आणि विचारायची, बाबा, अजून किती रान हाय?

फुलानं पदराचा बोळा तोंडात धरला.

झिलू मनीषाकडं सरकला.

"मग?" त्यानं विचारलं. "मी काय म्हनलो?"

मनीषाला आता रडू आवरेना.

"दर वेळी तीच जाड आवाज काढून तुमच्यागत बोलायची, मामा," ती म्हणाली. "‘हे काय, आलंच.’"