दहापैकी दहा

"पोरींचं दमणंच काढून घेतलंत, तर त्यांना थांबायचं कसं कळणार, बाई?" खो-खोचे जुने प्रशिक्षक धुमाळ सरांनी विचारलं होतं.

"शिट्टी असते की, सर!" असं हसून म्हणत मूल्यमापन समितीवरच्या केतकीने मनगटावर बांधायच्या, थकवा जाणवू न देणाऱ्या पट्ट्यावर आधारलेल्या शिक्षणपद्धतीला दहापैकी दहा गुण दिले होते.

आज घरी दमलेलं तान्हं मांडीवर किरकिरत असताना तिने मोबाईलवर विद्यापीठातल्या पट्ट्यांच्या नोंदी उघडल्या. सराव चारला संपला होता, आता सहा वाजले होते. संघातल्या बाकी सगळ्या पोरींच्या पावलांचे आकडे थांबले होते. एकट्या ओवीचा मात्र वाढतच होता. ओवी फोन उचलेना, सरांचा लागेना.

केतकीने घाईघाईने मूल्यमापन समितीच्या गटावर लिहिलं, "ओवी अजून पळतेय. सराव संपलाय, शिट्टी वाजवायला मैदानावर कुणी नसणार. हे वाचणाऱ्यांनो, आधी जाऊन तिला थांबवा."