मुदतीनंतरचं उत्तर

आरोग्य मंडळाच्या त्या पत्राला केळुसकरांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यात एकच प्रश्न होता: चार मार्चला डॉ. परुळेकरबाईंच्या दवाखान्यात तुम्हाला त्रास झाला का? त्या दिवशी केळुसकरांच्या मनगटावरच्या पट्टीने वीस मिनिटं वाढलेली धडधड नोंदवली होती, आणि दवाखान्यांचा दर्जा आता या पट्ट्याच ठरवत. रुग्ण शांत राहिला तर उपचार चांगले. महिनाभरात रुग्णाने खुलासा केला नाही, तर पट्टीचं म्हणणं खरं धरलं जाई.

ग्रंथपालाच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या केळुसकरांनी सात मसुदे केले. एकही नेमका वाटेना. मुदत गेली.

दर्जा घसरला म्हणून आज दवाखाना बंद होत होता. केळुसकर पोचले तेव्हा बाईंचं टेबल टेम्पोत चढत होतं. उद्या तिथे तपासणीचं यंत्र बसणार होतं.

"गोळ्या संपल्या वाटतं?" बाईंनी विचारलं.

"माझ्यामुळे झालं हे. मी लिहायला हवं होतं."

"एकट्या तुमच्यामुळे? माझ्याकडे येऊन सगळेच रडतात हो." त्या हसल्या. "यंत्रासमोर कोण रडणार? त्याला पैकीच्या पैकी मिळतील."

केळुसकर तिथून तडक निघाले. पोस्टात जाऊन त्यांनी उभ्यानेच लिहिलं: 'त्रास झाला नाही. बायको गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला रडू दिलं.'

तिकीट देताना काउंटरवरच्या मुलीने मंडळाने उत्तरासाठी पाठवलेल्या पाकिटावरची छापील तारीख पाहिली.

"काका, मुदत कधीच संपली याची."

"ठाऊक आहे," केळुसकर म्हणाले आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.