बिनसाखरेची कॉफी

काचेच्या टाकीत बुडबुडे यायला लागले तसे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिस्लेनने मात्र हात कोटाच्या खिशात घातले.

"लाकडाची साखर, आणि त्या साखरेचं इंधन," मॅनेजर पेल्की पाहुण्यांना सांगत होते. "लाकूड ॲसिडमध्ये शिजवायची सगळी करामत आमच्या जिस्लेनची."

पाहुणे बॉस्टनहून आले होते. त्यांना पटलं तर बंद पडलेली कागदाची मिल या नव्या धंद्यासाठी उघडणार होती, म्हणून अर्धं गाव ठेवणीतले कपडे घालून आलं होतं.

जिस्लेनला टाकीकडे बघवत नव्हतं. तिने शिजवलेला खरा पाक मागच्या खोलीत, पिंपात झाकून ठेवला होता. पाहुणे यायच्या आत उरकावं म्हणून तिने आच वाढवली आणि लाकडातून सुटलेली साखर हंड्यातच करपली. करपलेल्या पाकात साखर आंबवणारं यीस्ट जगत नाही. घातलं तेवढं मेलं, एक बुडबुडा आला नाही. मग आज सकाळी, कुणी यायच्या आधी, तिने टाकीत कोमट पाणी भरलं, रंगापुरता पाक घातला, नवं यीस्ट सोडलं आणि कँटीनमधली होती नव्हती ती साखर ओतली. पेल्कींना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"काय गं जिस्लेन," गर्दीतून वाट काढत आल्सीदकाका आले. तिच्या वडिलांबरोबर याच मिलमध्ये लगदा शिजवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. हातात कागदी पेला होता. "एवढा साखरेचा कारखाना काढलात, आणि कॉफीत घालायला दाणा नाही? कँटीनमधली लोरेट म्हणते, सकाळपासून डबे रिकामे. उंदीर बरेच मोठे दिसतात तुमच्याकडचे."

"संपली असेल, काका."

"पितोय तशीच. तुझा बाप असता तर आठवडाभर चिडवलं असतं त्याने." काकांनी वाकून काचेला कान लावला. "बोलतंय की! माझ्या रानातलंच पॉपलरचं लाकूड ना हे?"

"तुमचंच," ती म्हणाली. म्हणताना ती त्यांच्या बुटांकडे बघत होती.

"थांब. गंमत दाखवतो तुला."

ते बाहेर गाडीकडे गेले आणि काखेत एक पांढरा रंगवलेला खांब घेऊन आले. वर 'घर विकणे आहे' अशी पाटी, खाली ओली माती.

"पोराच्या हट्टापायी लावला होता अंगणात. म्हणतो, माझ्याकडे कनेक्टिकटला या, त्या गावात उरलंय काय. उद्या गिऱ्हाईक येणार आहे सह्या करायला. म्हटलं, आधी पोरीची टाकी तर बघू." त्यांनी खांब तिच्या हातात दिला. "बघितली. पुढच्या हंड्यात पहिला हा शिजव. गिऱ्हाइकाला सांगतो, दुसरं घर शोध बाबा."

खांब वजनाला हलका होता. तिला तो धरवेना.

"काका, रंगवलेलं लाकूड चालत नाही आमच्याकडे."

"मग तासून आणतो. मला काय उद्योग आहे दुसरा?"

"तासू नका." तिने खांब परत त्यांच्याकडे दिला. आवाज इतका खाली गेला की काकांना कान पुढे करावा लागला. "होता तिथेच लावा. आजच."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग टाकीकडे. मग त्यांची नजर हातातल्या पेल्यावर आली आणि तिथेच थांबली.

"जिस्लेन, ये ना फोटोत," पेल्कींनी हाक मारली. "तुझ्याशिवाय कसला फोटो?"

काकांनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली. तोंड वाकडं केलं नाही. रिकामा पेला तिच्या हातात ठेवून त्यांनी खांब खांद्यावर घेतला आणि भेटेल त्याच्याशी हसत बोलत ते दाराकडे निघाले.

जिस्लेनला पुन्हा हाक आली. ती पेला धरून उभीच होती. घासूनपुसून लख्ख केलेल्या फरशीवर थेट दारापर्यंत ओल्या मातीची ढेकळं पडली होती, आणि लोक ती चुकवत फोटोसाठी जागा धरत होते.